भिक्खूनं चॅनेल सुरू करावं का? एका तरुण भिक्खूला उत्तर

आयुष्मान,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उपसंपदेनंतर, म्हणजे पूर्ण भिक्खू झाल्यापासून, तीन वर्षावास (पावसाळ्यात एका जागी राहण्याचे काळ) झाले. ‘भन्ते, यूट्यूबवर या, बाकीचं आम्ही पाहतो’ असं म्हणत उपासक मंडळी मागे लागली आहेत, कोणी फोन आणि माइकही आणून ठेवला आहे. धम्म दूरवर जावा असं तुम्हालाही वाटतं. पण विनयाला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांना, कुठे धक्का लागेल का, दानाच्या पैशांचं काय करायचं, खासगी मेसेजमधल्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत का आणि लोक वाईटसाईट लिहितात तेव्हा काय करायचं, हे कळत नाही. मी २०२० पासून ऑनलाइन देसना, म्हणजे धम्मप्रवचन, देतो आहे. त्याआधीची बरीच वर्षं समोर बसलेल्या माणसांपुढेच बोललो. दोन्हींत काय फरक पडतो ते सोसून कळलं आहे, त्यावरून लिहितो.

पहिली गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. तीन वर्षावास म्हणजे तुम्ही अजून निस्सयात आहात. नव्या भिक्खूनं किमान पाच वर्षं आचार्यांच्या आश्रयानं राहायचं असतं. त्यामुळे हा निर्णय तुमचा एकट्याचा नाही, आणि उपासकांचा तर नाहीच. आचार्यांसमोर बसून सगळं सांगा. ते ‘आत्ता नको’ म्हणाले तर विषय तिथे संपला, आणि त्यात तुमचं काही हरवत नाही. या काळात भिक्खू ऐकायला शिकत असतो. तेव्हाच रोज बोलायची सवय लागली की ऐकणं मागे पडतं. दोन तरुण भिक्खूंच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं. दोघांचीही वाणी सुरेख होती. दोघंही आज चीवरात, म्हणजे भिक्खूजीवनात, नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता साधनाबद्दल. ‘विनयात कॅमेऱ्याचा उल्लेख नाही, म्हणजे मोकळीक आहे’ असं काही जण म्हणतात. ‘बुद्धांच्या काळी नव्हतं, म्हणजे वर्ज्य’ असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. धम्म आधी भाणकांच्या, म्हणजे तो पाठ करून म्हणणाऱ्या भिक्खूंच्या, कंठात होता. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत आलुविहार इथे तो ताडपत्रांवर उतरवला गेला. छपाईची तारीख नोंदलेलं जगातलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक आज उपलब्ध आहे, ते इसवी सन ८६८ मधलं वज्रच्छेदिका सूत्र आहे, आणि ते सर्वांना मोफत वाटण्यासाठी छापल्याची नोंद त्याच्या शेवटी आहे. पहिल्या साठ अर्हंतांना, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्या शिष्यांना, बुद्धांनी सांगितलं होतं की बहुजनांच्या हितासाठी फिरा, दोघं एकाच वाटेनं जाऊ नका. दूरवर पोचणं हा दोष असता तर हे सांगितलंच नसतं. त्यामुळे फोन हातात घेतला म्हणजे नियमभंगाचा दोष लागला, अशी भीती बाळगू नका.

पण शिकवायचं कसं, याबद्दल बुद्धांनी जे म्हटलं आहे ते ऑनलाइन पाळणं खरोखर कठीण आहे. भिक्खू उदायी गृहस्थांच्या मोठ्या परिषदेला देसना देत बसले होते. आनंदांनी ते येऊन सांगितलं, तेव्हा बुद्ध म्हणाले की दुसऱ्यांना धम्म शिकवणं सोपं नाही. मग त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: क्रमाक्रमानं सांगेन, कारणं दाखवत सांगेन, अनुकंपेनं सांगेन, लाभाच्या आशेनं सांगणार नाही, स्वतःला किंवा दुसऱ्याला न दुखावता सांगेन. यातली पहिलीच गोष्ट पडद्यावर मोडते. विहारात माणूस दानापासून सुरू करतो, मग शील, मग पुढचं. तुमच्या चॅनेलवर तो कुठून आत शिरेल हे तुम्ही ठरवत नाही. अल्गोरिदम ठरवतं.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. साधना शिबिराच्या सातव्या दिवशी मी अनात्मावर, म्हणजे ‘मी’ आणि ‘माझं’ असं कायमचं काही नसतं यावर, तासभर बोललो होतो. समोर जुने साधक होते, आठवडाभर मौनात बसलेले. त्या बोलण्यातली चाळीस सेकंदं कोणी प्रेमानंच कापली आणि रील म्हणून टाकली: ‘ज्याला आपण माझं म्हणतो ते माझं नसतंच.’ ती पुष्कळ फिरली. काही दिवसांनी एका आईचा मेसेज आला. मुलगा जाऊन अकरा दिवस झाले होते. तिनं लिहिलं होतं, ‘तुम्ही म्हणता तो माझा नव्हताच. मग मी रडते ती कोणासाठी?’

मी त्या दिवशी दुसरं काही करू शकलो नाही. तिच्या घरच्यांना सोबत बसवून तिच्याशी बोललो. म्हणजे खरं तर ती बोलली आणि मी ऐकलं. अनात्माचा शब्दही काढला नाही. रील उतरवायला लावली, पण तोवर ती इतर ठिकाणी पोचली होती आणि तिथून आम्हाला काढता आली नाही. मी उच्चारलेलं वाक्य चूक नव्हतं. ते ज्या माणसासाठी होतं तो माणूस वेगळा होता.

आळवी नगरातली एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता आणि त्यालाही देसना ऐकायची होती. तो दिवसभर शोधून थकून येईपर्यंत बुद्ध गप्प बसून राहिले. तो आला तेव्हा आधी त्याला जेवायला घालायला सांगितलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. भुकेल्याला धम्म समजणार नाही हे त्यांना समोर दिसत होतं. कॅमेऱ्यातून मला कोणाची भूक दिसत नाही. ऑनलाइन शिकवण्यातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि कुठल्याही तांत्रिक सोयीनं ती भरून निघालेली मी पाहिलेली नाही.

त्या घटनेनंतर मी काही गोष्टी कायमच्या ठरवल्या. शिबिरातलं बोलणं उघड्यावर टाकायचं नाही. ते शिबिराला बसलेल्यांपाशीच राहतं. सर्वांसाठी जे टाकायचं ते शील, मैत्री, क्रोध, घरातलं वागणं, मरणाऱ्याजवळ कसं बसावं अशा विषयांवर, आणि प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण असेल असा. मी स्वतः ऐकल्याशिवाय एकही तुकडा कापायचा नाही. क्रमानं शिकायचं असेल त्यांच्यासाठी महिन्यातून दोनदा ठरावीक गट बसतो, नाव नोंदवून, कॅमेरे चालू ठेवून, वीस-पंचवीसच माणसं. त्यात मला चेहरे दिसतात. कोणी दोन वेळा आलं नाही तर चौकशी करता येते. हजारो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओंपेक्षा या गटांतून जास्त माणसं साधनेला लागली, हा माझा अनुभव आहे.

दुसरा धोका लाभसत्काराचा, म्हणजे मिळकतीचा आणि मानमरातबाचा. त्याबद्दल संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या (सुत्तांच्या) संग्रहात एक वेगळं प्रकरणच आहे. त्यातली कासवाची गोष्ट तुम्ही पाठ करावी असं मला वाटतं. एका कासवाला इतर कासवांनी सांगितलेलं असतं की त्या बाजूला जाऊ नकोस. तो जातो, शिकारी त्याला दोरी बांधलेला काटा मारतो. परत आल्यावर विचारतात, ‘काही लागलं तर नाही ना?’ तो म्हणतो, ‘छे, मला काही झालेलं नाही. एवढी एक दोरी तेवढी मागे मागे येते आहे.’

चॅनेल सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी अगदी असाच होतो. देसना झाली की किती जणांनी पाहिलं ते बघायचो. मग ध्यानाला बसण्याआधी एकदा, उठल्यावर एकदा. कोणी विचारलं असतं तर मी मनापासून म्हटलं असतं की मला याचा काही फरक पडत नाही. फरक पडत होता, आणि तो विषयांत दिसू लागला. रागावर बोललो की आकडे वाढायचे, दानावर बोललो की पडायचे, आणि माझ्याही नकळत दानाचे विषय मागे पडत गेले. माझ्यासोबत राहणाऱ्या एका ज्येष्ठ भन्तेंनी एके दिवशी एवढंच विचारलं, ‘शेवटचं दानावर कधी बोललात?’ मला आठवेना.

म्हणून माझं सांगणं आहे की काटा कॅमेऱ्यात शोधू नका. बोलून झाल्यावर पुन्हा पुन्हा मागे वळून बघण्यात तो असतो. बोलणं आणि बघणं ही दोन कामं वेगळी केली तर बरंच निभावतं. आमच्याकडे चॅनेल विहाराच्या नावानं आहे, माझ्या नावानं नाही. पासवर्ड दोन उपासकांकडे आहे, माझ्याकडे नाही. ध्वनिमुद्रण झालं की फोन त्यांच्याकडे जातो. लोकांचे प्रश्न ते आठवड्यातून एकदा कागदावर लिहून आणतात. किती जणांनी पाहिलं हे मला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. वर्षावासाचे तीन महिने नवं काही टाकलं जात नाही. लोक विसरतील अशी काळजी उपासकांना पहिल्या वर्षी वाटली होती. काही विसरलेही असतील. ज्यांना यायचं होतं ते वर्षावासानंतर आले. चॅनेल माझ्या हातात नसल्यामुळे ते उद्या बंद करायचं ठरलं तर मला ते सोडून देता येईल, ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

पैशांचं उत्तर स्पष्ट आहे. मी थेरवादी परंपरेतल्या २२७ नियमांच्या आधारानं बोलतो. पूर्व आशियातल्या धर्मगुप्तक आणि तिबेटी मूलसर्वास्तिवाद परंपरांत नियमांची संख्या वेगळी आहे, पण सोन्याचांदीचा, म्हणजे पैसे न घेण्याचा, नियम त्यांतही आहे. निस्सग्गिय पाचित्तियातला (वस्तू सोडून देऊन कबुली द्यायच्या दोषांतला) अठरावा नियम स्वतः घेणं, दुसऱ्याकरवी घेणं आणि आपल्यासाठी ठेवलेलं मनानं मान्य करणं, तिन्ही गोष्टी धरतो. भिक्खूच्या नावाचा क्यूआर कोड व्हिडिओखाली लावणं यातल्या तिसऱ्या गोष्टीत थेट बसतं. ‘मी तर हातही लावत नाही’ हे म्हणणं टिकत नाही. तिथल्याच दहाव्या नियमात मार्ग दिलेला आहे: दात्याचा दूत पैसे घेऊन आला तर भिक्खूनं सांगायचं की आम्ही चीवराचे पैसे घेत नाही, योग्य वेळी चीवर घेतो, आणि व्यवहार पाहणारा उपासक दाखवून द्यायचा. त्या उपासकाला तीन वेळा आठवण करता येते, फार तर सहा वेळा गप्प उभं राहता येतं. त्यापुढे तगादा नाही. इतकी बारीक मर्यादा ज्या संघानं पाळली, त्यातल्या भिक्खूनं दर व्हिडिओच्या शेवटी ‘सढळ हातानं दान करा’ म्हणावं हे मला सहन होत नाही. खातं विहाराच्या विश्वस्तांच्या नावानं असू द्या, हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडू द्या, आणि दानाचं आवाहन भिक्खूच्या तोंडून कधीच नको. आम्ही लोकांना हेही सांगून ठेवलं आहे की माझ्या आवाजात किंवा चेहऱ्यानं कोणी पैसे मागितले तर ते खोटं समजा. आवाजाची नक्कल आता कोणालाही करता येते, त्यामुळे हे आधीच सांगितलेलं बरं.

जाहिरातींचं उत्पन्न मी घेऊ देत नाही. कसिभारद्वाज ब्राह्मणानं गाथा ऐकल्यावर दिलेली खीर बुद्धांनी नाकारली होती, गाथा म्हणून मिळालेलं मी खात नाही असं म्हणून. मला तोच दाखला पुरेसा वाटतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२० पासून यूट्यूब उत्पन्न न घेणाऱ्या चॅनेलवरही जाहिराती दाखवू शकतं. म्हणून आम्ही प्रत्येक देसनेची ध्वनिफीत विहाराच्या साध्या संकेतस्थळावरही ठेवतो. तिथे जाहिरात नसते आणि ती कोणालाही उतरवून घेता येते.

खासगी मेसेजबद्दल तुम्ही विचारलंत हे फार चांगलं झालं. पुष्कळ जण विचारत नाहीत आणि तिथेच घसरतात. पाचित्तियातला (नुसती कबुली द्यायच्या दोषांतला) सातवा नियम असा की जाणता पुरुष सोबत नसेल तर स्त्रीला पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त देसना देऊ नये. तिनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला हरकत नाही. याशिवाय एकांतात बसण्याबद्दलचे नियम आहेतच. फोनवरची खिडकी एकांतच असते, बंद खोलीपेक्षाही जास्त. रात्री अकराला एखादी दुःखी उपासिका लिहिते, तुम्ही करुणेनं उत्तर देता, दुसऱ्या रात्री ती पुन्हा लिहिते. दोघांच्याही मनात काही वाईट नसतं. महिन्याभरात दोघंही त्या वेळेची वाट पाहू लागतात. हे स्त्रीबद्दल अविश्वास म्हणून सांगत नाही. तिला जपण्यासाठीही ही मर्यादा हवी, कारण चीवरावरच्या श्रद्धेमुळे तिला नाही म्हणणं जड जातं. आमच्याकडे प्रश्न विहाराच्या क्रमांकावर येतात, ते आणखी एक भिक्खू आणि एक वयस्कर उपासिका वाचू शकतात, आणि हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं. उत्तर दिवसा जातं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कोणी केली तर मात्र वेळकाळ पाहायचा नाही. ताबडतोब घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना गाठायचं. तिथे देसना देत बसू नका.

उपासक व्हिडिओला नाव काय देतात तिकडे लक्ष ठेवा. ‘ध्यानसिद्ध भन्ते’, ‘अर्हंतांची वाणी’ असले मथळे श्रद्धेपोटी लिहिले जातात. चौथा पाराजिक, म्हणजे न साधलेली सिद्धी सांगितल्यास भिक्खूपण संपतं हा नियम, ज्या प्रसंगातून आला तो आठवा. दुष्काळात वग्गुमुदा नदीकाठचे भिक्खू गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करत राहिले, याला पहिलं ध्यान साधलं आहे, तो अर्हंत आहे, आणि त्यामुळे मिळालेल्या भिक्षेवर चांगले धष्टपुष्ट झाले. स्वतःबद्दल खोटं बोलाल असं मी मुळीच म्हणत नाही. पण दुसऱ्यानं लिहिलेलं पाहून गप्प बसणंही बरं नाही. आणि खरोखर काही साधलं असलं तरी ते उपसंपदा न झालेल्या माणसाला सांगणं हा आठवा पाचित्तिय आहे. ‘तुमचा ध्यानाचा अनुभव सांगा’ असं मुलाखतकार हमखास विचारतात. तिथे सुत्तात काय म्हटलं आहे ते सांगून पुढे जा.

आडवं पडून ऐकणाऱ्यांचं काय, असंही तुम्ही लिहिलंत. सेखियांतले, म्हणजे शिष्टाचाराच्या नियमांतले, ५७ ते ७२ हे सोळा नियम श्रोत्याच्या आदराबद्दल आहेत, त्यांत निजलेल्या निरोगी माणसाला देसना देऊ नये हेही आहे. ध्वनिमुद्रित देसना कोण कसं ऐकतं ते तुम्हाला दिसत नाही, त्याचा दोष तुम्हाला लागत नाही असं मी मानतो. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवर कोणी लोळताना दिसलं, तर आजारी आहात का विचारा आणि नसेल तर बसायला सांगा. लोक रागावत नाहीत. संघकर्मं मात्र ऑनलाइन होत नाहीत. उपोसथाला (पंधरवड्याच्या नियमपठणाला), उपसंपदेला भिक्खू ठरवलेल्या सीमेच्या आत, एकमेकांना हात पोचेल इतक्या अंतरावर हवेत. त्रिसरण-पंचशील आणि परित्राणपाठ ऑनलाइन द्यायला हरकत नाही.

आता शिव्या. ‘गप्प बसणाऱ्याची निंदा करतात, फार बोलणाऱ्याची करतात, मोजकं बोलणाऱ्याचीही करतात’ हे बुद्धांनी अतुल उपासकाला सांगितलं तेव्हाही ती जुनीच गोष्ट होती. माझी, धम्माची किंवा संघाची निंदा झाली तर चिडू नका, जे खोटं असेल ते खोटं म्हणून दाखवा, असंही बुद्धांनी ब्रह्मजाल सुत्तात म्हटलं आहे. म्हणून चुकीच्या माहितीला एकदाच, शांतपणे उत्तर द्यावं. उपासकांनी तुमच्या बाजूनं भांडायला उतरू नये हेही त्यांना सांगा. माझ्यावरच्या टीकेपेक्षा माझ्या बाजूनं लिहिलेल्या कठोर शब्दांनी मला जास्त त्रास दिला आहे. आणि टीकेत तथ्य असेल तर कबूल करा. एकदा मी एका सुत्ताचा संदर्भ चुकीचा दिला होता, एका विद्यार्थ्यानं तो दाखवला. पुढच्या देसनेची सुरुवात मी ती दुरुस्ती सांगून केली.

वाद पेटलेला असतो तेव्हा ‘भन्ते, तुम्ही बोला’ असा आग्रह होतो. अन्यायाविरुद्ध बोलायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चीवरातून निघालेला द्वेषाचा शब्द साध्या माणसाच्या शब्दापेक्षा कितीतरी खोल रुततो. म्यानमारमध्ये विराथू या भिक्खूंना मार्च २०१७ मध्ये तिथल्या संघ महानायक समितीनं वर्षभर प्रवचनबंदी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं त्यांचं पान काढून टाकलं. तोवर मुस्लिमांविरुद्धचं ते बोलणं घराघरात पोचलेलं होतं. अरणविभंग सुत्तात माणसांची स्तुती-निंदा न करता धम्मच सांगावा असं म्हटलं आहे, आणि घाईनं बोलू नये असंही. आमच्याकडे वादाच्या विषयावरचं बोलणं आधी दुसऱ्या भन्तेंना ऐकवलं जातं आणि तीन दिवस थांबून मग ठरतं. बहुतेक वेळा तीन दिवसांनी ते मलाच टाकावंसं वाटत नाही.

तेव्हा आत्ता एवढं करा. फोन आणि माइक ज्यांनी आणले त्यांना नाराज न करता सांगा की हे विहाराला दिलेलं दान समजू, आणि ते विहार पाहणाऱ्या उपासकांकडे ठेवायला द्या. मग आचार्यांकडे जा. त्यांनी होकार दिला तर पहिलं वर्ष स्वतः न बोलता त्यांचीच देसना ध्वनिमुद्रित करायचं काम मागून घ्या. एकेक देसना शब्दशः उतरवून काढा, सुत्तांचे संदर्भ तपासा. त्यात तुमचं शिक्षणही होईल आणि चॅनेल कसं चालतं तेही कळेल. वर्षावास संपला की मला कळवा. तुम्ही उतरवलेल्या एक-दोन देसना वाचायला मला आवडतील.